न्यू जर्सी ते डॅलस: एका खोक्यात चौदा कोरल

खाऱ्या पाण्याच्या टँकमधले कोरलचे, म्हणजे प्रवाळांचे, चौदा फ्रॅग (मोठ्या वसाहतीतून कापून घेतलेले जिवंत तुकडे) ११ मार्च २०२५ रोजी न्यू जर्सीहून डॅलसला कुरियरने पाठवले. तेरा जगले, एक गेला. खोका कुरियरच्या ताब्यात जेमतेम अठरा तास होता, पण त्याची तयारी २६ जानेवारीपासून चालू होती. पहिल्यांदा कोरल पाठवताना वाटतं की सगळं कसब पिशव्या बांधण्यात आहे. पिशव्या एका दुपारी बांधून होतात. फ्रॅग वाचणार की नाही हे बरंचसं त्याआधीच ठरलेलं असतं: काप भरून आलाय का, खोक्याच्या भिंती किती जाड आहेत आणि त्या रात्री वाटेत थंडी किती आहे. म्हणून अगदी कापणीच्या दिवसापासून लिहिते.

पाठवायचे होते ते असे: झोअँथसचे पाच, डिस्कोसोमा मश्रूमचा एक, टॉर्चचे म्हणजे युफिलिया ग्लॅब्रेसेन्सचे दोन, माँटिपोरा डिजिटाटाचे दोन, अ‍ॅक्रोपोराचे तीन आणि सिनुलॅरिया या मऊ लेदर कोरलचा एक. यादी पूर्ण देतेय, कारण प्रत्येकाची बांधणी वेगळी करावी लागते.

२६ जानेवारीच्या रविवारी कापणी केली. अ‍ॅक्रोपोरा आणि माँटिपोराच्या फांद्या बोन कटरने एका दाबात तुटतात. टॉर्चला तसं करू नका. कटरच्या दाबाने सांगाडा उभा चिरतो आणि चीर थेट मांसल तोंडापर्यंत जाते. टॉर्चची फांदी हिऱ्याच्या चकतीने, मांस संपतं त्याच्या तीन-चार सेंटिमीटर खाली कापली. झोअँथसला हात लावताना नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. या कुळातल्या काही कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन हे फार जहाल विष असतं आणि कापताना उडालेला एक थेंब डोळ्यात गेला तरी इस्पितळ गाठावं लागतं. झोअँथस असलेला दगड कधी उकळू नये, वाफेतूनही बाधा झालेली आहे. कापलेले सगळे तुकडे सुपरग्लू जेलने सिरॅमिकच्या प्लगवर, म्हणजे दांडा असलेल्या छोट्या बैठकीवर, चिकटवले आणि प्लगच्या बुडाला पेन्सिलने नाव लिहिलं. पेन्सिल पाण्यात टिकते, मार्कर पुसला जातो.

यानंतर तीन आठवडे थांबायचं होतं. ताजा काप चिकट स्राव सोडत राहतो. टँकमध्ये तो वाहून जातो, पण पिशवीतल्या पाव लिटर पाण्यात तो साठतो, त्यावर जिवाणू वाढतात, ते प्राणवायू संपवतात आणि उघडी जखम त्याच पाण्यात भिजत राहते. काप भरलाय हे ओळखायचं कसं? अ‍ॅक्रोपोरा आणि माँटिपोराचं मांस बुडाशी पसरून जेलवर चढायला लागतं. कापाची पांढरी कड दिसेनाशी झाली की तो फ्रॅग तयार. झोअँथस रोज वेळेवर पूर्ण उघडत असतील तर तेही तयार. तिसऱ्या, दहाव्या आणि सतराव्या दिवशी सगळ्यांना औषधी पाण्यात बुडवून काढलं. एकदाच बुडवून भागत नाही. अ‍ॅक्रोपोरा खाणारे चपटे किडे औषधाने मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत. ती फांदीच्या बुडाशी, मांस नसलेल्या सांगाड्यावर सोनेरी-तपकिरी ठिपक्यांसारखी असतात. भिंग घेऊन शोधा आणि ब्लेडने खरवडून काढा. एका झोअँथसच्या प्लगवर एप्टेशिया या भराभर पसरणाऱ्या समुद्रफुलाचं बारकं पिल्लू निघालं. तो प्लग फेकला आणि फ्रॅग नव्या प्लगवर चिकटवला. दुसऱ्याच्या टँकमध्ये आपल्याकडून कीड जाणं हे फ्रॅग मरण्यापेक्षा वाईट आहे. एक फ्रॅग मेला तर एकच जातो, एप्टेशिया मात्र अख्खा टँक व्यापतो.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा कागदपत्रांत गेला. अमेरिकेतल्या अमेरिकेत कोरल पाठवायला साइट्सचा, म्हणजे वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, परवाना लागत नाही. देशाबाहेर पाठवायचं तर लागतो, कारण सगळी कठीण प्रवाळं साइट्सच्या परिशिष्ट दोनमध्ये आहेत. कॅनडातल्या मित्राला भेट म्हणून एक माँटिपोरा पाठवायचा तरीसुद्धा. झोअँथस, मश्रूम, लेदर त्या यादीत नाहीत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जिवंत प्राणी पाठवताना मात्र केंद्राचा एक नियम लागू होतो: खोक्यावर बाहेरून पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता ठळक हवा, आणि सोबत कोणती जात, शास्त्रीय नाव काय, नग किती, विषारी आहे की नाही याची यादी हवी. घरून पाठवणारे बरेचजण ही यादी जोडत नाहीत. अर्ध्या पानाचं काम आहे, जोडा. शास्त्रीय नाव नीट तपासून लिहा. २०१४ साली अमेरिकेने २० प्रवाळ जाती धोक्यात असलेल्यांच्या यादीत घातल्या. त्यात युफिलिया पॅराडिव्हिसाही आहे, आणि ती दिसायला आपल्या नेहमीच्या फ्रॉगस्पॉन कोरलसारखीच असते. राज्यांचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात कॉलर्पा शेवाळ बाळगणं आणि नेणं बेकायदा आहे, तेव्हा तिकडे जाणाऱ्या प्लगवर त्याचं एक पातंही चिकटलेलं नको.

पुण्या-मुंबईहून नेहमी एक प्रश्न येतो: भारतात असे कोरल कुरियरने मागवता येतील का? त्याचं उत्तर इथेच देते. भारतात कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, गॉर्गोनियन म्हणजे समुद्रपंखे, हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. ते कुरियरने मागवायचे नाहीत, विकायचे नाहीत, मालवणच्या किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडाही पिशवीत घालून आणायचा नाही. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं हलवावी लागली, तेव्हा महापालिकेलाही आधी वनखात्याची परवानगी घ्यावी लागली आणि ते काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी केलं. तेव्हा पुढचं सगळं अमेरिकेपुरतं समजा.

कुरियरचं खातं उघडणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. मॉलमधल्या किरकोळ काउंटरवर चौकशी केली तर ‘जिवंत काही घेत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. जिवंत जलचर घेतात, पण खातेदारांकडून आणि मोठ्या डेपोवर. छंद म्हणून वर्षातून दोन-चार खोके पाठवणाऱ्याला सोपा मार्ग म्हणजे जिवंत मालाची लेबलं विकणारे मध्यस्थ. त्यांचा करार आधीच झालेला असतो आणि दरही कमी पडतो. नोंदणी केल्यावर मंजुरीला पाच दिवस लागले. त्यांच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. जिवंत पोहोचण्याची हमी कुरियर देत नाही. उशीर झाला तर फार तर भाडं परत मिळतं, तेही ते सांगतील त्या दिवसांत पाठवलं असेल आणि घरपोच न मागवता डेपोत ठेवायला सांगितलं असेल तरच.

भाडं नुसत्या वजनावर नसतं, आकारमानावरही असतं. लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून गुणाकार करायचा आणि १३९ ने भागायचं. येणारा पौंडांचा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तोच धरतात. आमचा खोका बाहेरून १३ इंचांचा घन होता. २१९७ भागिले १३९ म्हणजे १५.८, म्हणून १६ पौंडांचं भाडं, प्रत्यक्ष वजन ११ पौंड असून. हे गणित माहीत झालं की पातळ भिंतीचा लहान खोका घ्यायचा मोह होतो. तो मोह का आवरायचा ते चाचणीत कळलं.

चाचणी ७ ते ९ फेब्रुवारीच्या तीन रात्री केली, आणि कोरल पाठवणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी करावी. खोक्यात कोरल नव्हते. खऱ्या खोक्यात जेवढं पाणी जाणार होतं तेवढंच, पावणेचार लिटर, २५ अंशांचं पाणी तशाच पिशव्यांत आणि डब्यांत भरलं, मध्ये तापमान नोंदणारं छोटं यंत्र ठेवलं आणि खोका अठरा तास गॅरेजमध्ये ठेवला. गॅरेजमध्ये ८-९ अंश होतं.

पहिल्या रात्री १९ मिलिमीटर जाडीचा थर्माकोलचा खोका आणि चाळीस तासांचा एक हीट पॅक. सकाळी पाणी १५ अंश. दुसऱ्या रात्री ३८ मिलिमीटरचा खोका, तसाच हीट पॅक, आणि सगळ्या कडा टेपने घट्ट बंद. सकाळी पाणी १२ अंश, पहिल्यापेक्षाही थंड, आणि हीट पॅक हातात घेतला तर दगडासारखा कडक आणि गार. कारण साधं आहे. हीट पॅकमध्ये लोखंडाची पूड असते, ती हवेतल्या प्राणवायूने गंजते आणि त्या गंजण्याची ऊब मिळते. हवाबंद खोक्यात प्राणवायू संपला की पॅक गुदमरतो. तिसऱ्या रात्री तोच जाड खोका, झाकणात पॅकच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलच्या जाडीचं एकेक भोक, बाहेरच्या पुठ्ठ्यालाही त्याच जागी भोकं. सकाळी पाणी २२.५ अंश.

हीट पॅक म्हणजे शेगडी नव्हे, भिंतीतून जाणारी ऊब तो जेमतेम भरून काढतो. भिंत पातळ असेल तर दोन पॅक घालूनही पुरत नाही, आणि दोन पॅकच्या जवळची पिशवी मात्र उकडते. थंडीपेक्षा उष्णता वाईट हेही लक्षात ठेवा. २०-२१ अंशांवर कोरल मंदावतात, पण सावरतात. तिशीच्या वर गेलं की पाण्यात प्राणवायू कमी मावतो, कोरलला तो जास्त लागतो आणि जिवाणू भराभर वाढतात. म्हणून खोका टँकच्या २५-२६ अंशांवर नव्हे, २२-२४ वर राहील असा बघावा.

याच चाचणीत खोका सहाही बाजूंनी कमरेएवढ्या उंचीवरून टाकून पाहिला. दोन डब्यांची झाकणं उघडली. त्यानंतर प्रत्येक झाकणावर टेपचा पूर्ण फेरा मारायचं ठरलं.

पाठवण्याचा दिवस १८ फेब्रुवारी ठरला होता. मंगळवार का, तर सोमवार ते बुधवार हेच दिवस सुरक्षित. गुरुवारी पाठवलेला खोका एक दिवस चुकला की शनिवार-रविवार गोदामात पडून राहतो. १७ तारखेचा सोमवार प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीचा होता, म्हणून मंगळवार. हवामान तीन ठिकाणचं बघायचं: आपलं गाव, घेणाऱ्याचं गाव आणि मधलं केंद्र. हे तिसरं बहुतेकजण विसरतात. फेडेक्सचं मोठं केंद्र मेंफिसला आहे आणि यूपीएसचं लुईव्हिलला. मध्यरात्री विमानातून उतरलेला माल तिथे धावपट्टीजवळ कितीही वेळ थांबू शकतो. १६ तारखेला अंदाज पाहिला तर डॅलसमध्ये १९ आणि २० फेब्रुवारीला पारा गोठणबिंदूच्या खूप खाली जाणार होता. लेबल रद्द केलं, पैसे चार दिवसांत परत आले. फ्रॅग कापून तयार असताना, समोरचे वाट बघत असताना पुढे ढकलणं जड जातं. तरी ढकलावं. टँकमध्ये राहिलेल्या फ्रॅगचं काहीच बिघडत नाही, उलट बूड अजून पक्कं होतं. त्यानंतरचा बिनसुट्टीचा, बऱ्या हवेचा मंगळवार निघाला ११ मार्च.

९ मार्चला खाणं बंद केलं, म्हणजे पिशवीत घाण कमी होते. त्याच दिवशी वीस लिटर नवं मिठाचं पाणी कालवून त्यात चोवीस तास पंप फिरवत ठेवला. पॅकिंगला टँकचं पाणी वापरणारेही आहेत. नव्या पाण्यात जिवाणू कमी, म्हणून ते घेतलं. पण नुसती क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) ३५ जुळवून थांबू नका, अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकदही जुळवा, ती डीकेएचमध्ये मोजतात. बऱ्याच मिठांचं पाणी ११-१२ डीकेएचचं होतं आणि टँक ८ वर असेल तर अ‍ॅक्रोपोराची टोकं जळतात. ८ च्या आसपास राहणारं मीठ निवडलं. डॅलसच्या टँकची क्षारता फोन करून विचारून घेतली होती, तीही ३५ च. ही जुळणी आधीच झाली की तिकडचं काम अर्ध्यावर येतं. सोमवारी रात्री दिवे बंद झाले ते मंगळवारी लावलेच नाहीत, म्हणजे पॉलिप (कोरलची बारीक तोंडं) मिटलेले राहतात.

मंगळवारी दुपारी अडीचला बांधायला घेतलं. आधी सकाळी बांधून ठेवू नका. अंधारात कोरलमधलं शेवाळ प्राणवायू बनवत नाही, उलट सगळेच तो वापरत बसतात, तेव्हा पिशवीत काढलेला प्रत्येक तास मोजावा.

दणकट होते ते आधी घेतले. झोअँथस आणि मश्रूम प्रत्येकी १२० मिलिलिटरच्या झाकणाच्या डबीत, डबी गळ्यापर्यंत भरून, वर बोटभर हवा, झाकणाला टेप, आणि प्रत्येक डबी एका पिशवीत. सिनुलॅरिया एकटा ४०० मिलिलिटर पाण्यात, तीन पिशव्यांत. लेदर कोरल प्रवासात बुळबुळीत आवरण सोडतो आणि त्यातली रसायनं कठीण कोरलना सोसत नाहीत, म्हणून त्याची पिशवी फुटून इतरांच्यात मिसळता कामा नये.

टॉर्चला सगळ्यात जास्त वेळ दिला. याची लांब शेपटं पाण्याने फुगलेली असतात आणि सांगाड्याची कड ब्लेडसारखी असते. फुगलेल्या स्थितीत हवेत उचललं तर त्या पाण्याच्या वजनानेच मांस कडेवर चिरतं. टँकमध्येच प्लग धरून हलकेच हलवायचं, पाचेक मिनिटं थांबायचं, शेपटं आत ओढली गेली की पिशवी पाण्याखाली नेऊन त्यात सरकवायचं. हात फक्त प्लगला, मांसाला नाही. प्रत्येकी अर्धा लिटर पाणी, आणि सांगाड्याभोवती जुन्या पिशवीच्या पातळ पट्ट्यांचा सैल गुंता. त्या पट्ट्या सांगाड्याला पिशवीपासून दूर ठेवतात आणि मांसाला टोचत नाहीत.

अ‍ॅक्रोपोरा आणि माँटिपोराला पिशवीचा स्पर्शसुद्धा नको. यांना उलटं टांगतात. थर्माकोलची आठ सेंटिमीटरची चकती कापायची, मध्ये भोक पाडायचं, प्लगचा दांडा खालून त्यात घट्ट बसवायचा आणि वरून रबर बँड आडवा ओढायचा. चकती पाण्यावर तरंगते, फ्रॅग खाली डोकं करून मधोमध लोंबतो, आणि खोका कसाही हलला तरी तो पाण्यातच राहतो. पिशवी चकतीपेक्षा थोडीच रुंद हवी. फार मोठी असली तर चकती तिरकी होऊन उभी राहते. अ‍ॅक्रोपोराला साडेतीनशे मिलिलिटर, माँटिपोराला तीनशे. एका अ‍ॅक्रोपोराची चकती साडेसहा सेंटिमीटरचीच कापली गेली होती. उरलेल्या तुकड्यातून काढली होती आणि दिसायला ठीक वाटली, म्हणून तशीच वापरली. हीच चूक पुढे भोवली.

पिशव्या तीन मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीच्या, सपाट बुडाच्या. पाणी तिसरा हिस्सा ते निम्मं, बाकी हवा. हवा तोंडाने फुंकून भरू नका. पिशवी हवेत फिरवून तोंड धरलं की भरते. एका रात्रीच्या प्रवासाला नुसती हवा पुरते, प्राणवायूच्या नळकांड्याची गरज नाही. मान पिळायची, दुमडायची, दोन रबर बँड. मग ती पिशवी दुसऱ्या पिशवीत उलटी घालायची, म्हणजे आतल्या पिशवीचं गाठीचं टोक बाहेरच्या पिशवीच्या बुडाला येतं आणि कोपऱ्यांत काही चिमटत नाही. बांधून झालेली प्रत्येक पिशवी कोरड्या टिश्यूवर दहा मिनिटं उलटी ठेवली. चौदापैकी एका पिशवीखाली टिश्यू ओला झाला, ती परत बांधली.

हीट पॅक तीनला फोडून, हलवून, बाहेर ठेवला होता. पाऊण तासाने हाताला नीट गरम लागला तरच तो वापरायचा. गार राहिला तर दुसरा घ्यायचा. खोक्यात आधी मोठी प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी, बुडाला वर्तमानपत्राचा थर, त्यावर टॉर्च आणि लेदर, बाजूला डब्या, वर तरंगत्या पिशव्या उभ्या. कुठेही पोकळी राहिली नाही पाहिजे, जिथे बोट गेलं तिथे कागदाचा बोळा. वर दोन सेंटिमीटर कागद, आणि हीट पॅक एका घडीच्या वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या आतल्या बाजूला, भोकांच्या मध्ये टेपने चिकटवला. अस्तराची पिशवी पॅकच्या खालीच बंद केली, पॅक तिच्या बाहेर. पुठ्ठ्यावर वरच्या बाजूचा बाण, जिवंत जलचर असल्याचा मजकूर, दोन्ही पत्ते, आणि जातींची यादी पारदर्शक पाकिटात. पावणेपाचला डेपो, पाचला पावती.

रात्री ट्रॅकिंग साडेअकराला एकदा हललं आणि पहाटे पाचपर्यंत तिथेच अडकलं. तेवढ्यात खोका हरवला असं समजू नये. केंद्रावर स्कॅन होतात ते माल उतरताना आणि चढताना, मध्ये शांतता असते. सकाळी डॅलसच्या वेळेप्रमाणे ९.४० ला खोका डेपोत आल्याचा निरोप आला. घेणारे ओळखपत्र घेऊन गेले. लेबलवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः सारखं हवं, टोपणनाव चालत नाही.

अकराला खोका उघडला तेव्हा पाणी २१.८ अंश होतं. हीट पॅक अजून कोमट होता. एकही पिशवी फुटली नव्हती, एका डबीभोवती चमचाभर पाणी होतं. झोअँथसच्या पाण्याला हलका वास, बाकी सगळं स्वच्छ.

पिशव्या बंदच टँकमध्ये वीस मिनिटं तरंगत ठेवायला सांगितल्या होत्या. थेंबथेंब पाणी सोडून तासभर सवय करायची जुनी पद्धत इथे घातक ठरते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तापमान जुळलं की उघडायचं, लगेच बाहेर काढायचं, औषधी पाण्यात बुडवायचं, धुवायचं आणि टँकमध्ये. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. पहिला आठवडा दिवे निम्म्यावर.

लहान चकतीवरचा अ‍ॅक्रोपोरा तिरका झालेला निघाला. चकती पिशवीत उभी राहिली होती आणि फांदीचं एक टोक रात्रभर प्लॅस्टिकला घासलं होतं. टोकाला तांदळाएवढा पांढरा डाग. १५ मार्चला दुपारी त्या डागापासून मांस सुटायला लागलं, संध्याकाळपर्यंत अर्धी फांदी पांढरी. डॅलसकरांनी शाबूत बाजूचं टोक सेंटिमीटरभर अलीकडून तोडून वेगळ्या प्लगवर लावलं. तेही दुसऱ्या दिवशी गेलं. दीड सेंटिमीटर थर्माकोल कमी पडला, त्यात दोन वर्षं वाढवलेल्या वसाहतीचा फ्रॅग गेला, याचं फार वाईट वाटलं. २०१८ साली इंडोनेशियाने कोरलची निर्यात थांबवली, तेव्हा छंदातल्या कित्येक जाती घराघरांतल्या टँकांमध्ये वाढवलेल्या आणि एकमेकांना दिलेल्या फ्रॅगवरच टिकल्या. आपल्या हातातला एक फ्रॅग जगतो, तेव्हा समुद्रातली एक फांदी तुटायची राहते.

खर्च: जाड खोका २१ डॉलर, चाचणीचा पातळ खोका ९, पिशव्या-डब्या-रबर बँड २४, चार हीट पॅक १४, तापमान नोंदणारं यंत्र १९, लेबल ५८. एकूण १४५ डॉलर. पुढच्या खोक्याला यंत्र आणि चाचणी लागणार नाही, पिशव्याही उरल्यात, तेव्हा नव्वदच्या आत भागेल. उन्हाळ्यात हीट पॅकऐवजी जेलचा गार पॅक घालायचा, तो कागदाच्या चार घड्यांत गुंडाळून, आणि बाहेर ३५ च्या वर असेल तर पाठवायचंच नाही.

२ एप्रिलला डॅलसहून फोटो आले. दोन्ही टॉर्च पूर्ण फुललेत, एकाच्या कडेला वाटाण्याएवढं नवं तोंड फुटलंय. झोअँथस पाचही उघडलेत. लेदर दहा दिवस मिटून, मेणचट साल टाकून आता उभा राहिलाय. खोका त्यांनी धुवून परत पाठवलाय आणि त्यात आठ सेंटिमीटरच्या थर्माकोलच्या सहा चकत्या कापून घातल्यात.